दुसऱ्या नंबरचं बाळसं

ता. ४ जून

भावजी,

पार्सल काल पोचलं. आत निघालं ते असं: पिवळा फ्रॉक एक, रिबिनी दोन, तुमच्या कारखान्याच्या बिस्किटांचा मोठा डबा एक (कोपऱ्यात चेपलेला), आणि तुमची चिठ्ठी. भाडं तुम्ही भरलं नव्हतं, ते चाळीस मी दिले. हमालाने जिन्याचे वेगळे पाच मागितले, घासाघीस करून तीनवर आणला. फ्रॉक नऊ वर्षांच्या मुलीला बसेल. तुमची मुलगी, आपली मुंगी, पुढच्या महिन्यात चौदा पूर्ण करते आहे. कापड चांगलं आहे, उशांना अभ्रे होतील, वाया जाणार नाही.

बिस्किटांचं काय करावं ते मात्र कळत नाही. जिच्या दाढा ठणकतात तिला बिस्किटं पाठवणारा बाप मी तरी दुसरा पाहिला नाही.

चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. तुम्ही लिहिता, 'वहिनी, पोरगी धडधाकट तुमच्या हवाली केली होती, दातांची वाट तुमच्या घरात लागली.' पुढे लिहिता की कारखान्याला पंचवीस वर्षं झाल्याचा समारंभ आहे, मालक येणार, कामगारांची मुलं मंचावर उभी करणार, त्याआधी तिकडच्या दातवाल्याकडून मुंगीचे सगळे दात काढून कवळी बसवून घ्यायची. 'एकदाच खर्च, कायमची कटकट गेली.' आणि ट्रक घेऊन ड्रायव्हर येईल, त्याच्याबरोबर तिला धाडून द्यायची. जणू पोतंच आहे.

चौदाव्या वर्षी कवळी! तुमच्या आईने सत्तरी ओलांडली तरी कवळी लावली नाही. म्हणायच्या, तोंडात परक्याचं बिऱ्हाड कशाला? आणि तुम्ही पोटच्या पोरीच्या तोंडात ते थाटायला निघालात.

आता इकडचं ऐका. मागच्या आठवड्यात मुंगीचा गाल सुजला, तोंड उघडेना. सरकारी दवाखान्यात नेली. तिथे दातांच्या नवीन डॉक्टरीणबाई आल्या आहेत. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, बोलण्यात माझ्या सासूएवढ्या. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "तुम्हीच सांगा हिला, गोड खाऊ नको म्हणून." बाई म्हणाल्या, "किती खाते?" मी म्हटलं, घरात साखर मोजून येते आणि मोजून जाते, हिच्या चहात अर्धा चमचा. बाई म्हणाल्या, "मग सांगू काय?"

त्यांनी छोटा आरसा तिच्या तोंडात घातला, तो आतून गालाला चिकटला. सोडवला, परत लावला, परत चिकटला. बाईंनी आरसा खाली ठेवला. मग मला विचारलं, "ही दोन वर्षांची होईपर्यंत काय खात होती?"

मी काय सांगणार? ती माझ्याकडे आली तेव्हा तिसरं लागून संपत आलं होतं. तिची आई देवाघरी. तेव्हाचं सांगू शकेल असं जगात एकच माणूस उरलं आहे, ते म्हणजे तुम्ही. तेवढं लिहून कळवा. सोबत दवाखान्याचा संमतीचा कागद आहे. मुलगी अज्ञान असल्याने उपचाराला पालकाची सही लागते. मी विचारलं, माझी चालेल का? इतकी वर्षं जेवायला वाढलेलं चालतं, सही चालत नाही. बाईंनी फुली केली आहे तिथे करा. ड्रायव्हरला तूर्त पाठवू नका.

वहिनी

ता. १७ जून

भावजी,

तुमचं पाकीट पोचलं. आत फोटो होता, कागद नव्हता. फोटो पाहून मात्र खरं सांगते, मी ओशाळले.

टेबलावर बसवलेलं गोल गरगरीत बाळ, छातीला फीत, शेजारी मॅनेजरांच्या बाई, बाळाच्या मांडीवर बिस्किटांचा डबा. मागे तुमच्या अक्षरात, 'सुदृढ बालक स्पर्धा, कारखाना वसाहत, वय दीड वर्ष, दुसरा नंबर.' आणि चिठ्ठीत, 'हे बघा आणि मग मला विचारा काय खात होती ते. बक्षीस काय उपाशी बाळाला देतात?'

ह्यांनी फोटो घड्याळाच्या दुकानातलं भिंग लावून पाहिला आणि म्हणाले, "आपण हिला खायला घालून वाळवली की काय?" ते थट्टेने म्हणाले, मला लागलं. माझ्याकडे आली तेव्हा ती काडीसारखी होती, ते मी तिच्या आईच्या आजारपणावर घातलं होतं. आता वाटलं, कोण जाणे, आपलीच काही चूक झाली असेल.

मुंगी तर फोटो सोडेना. "मोठी आई, मी किती गुबगुबीत होते! मग मला झालं काय?"

हेही मी तुम्हाला लिहिते आहे, भावजी. माझ्या विरुद्ध जाणारं मी लपवत नाही.

मधे दवाखान्यात आणखी एक फेरी झाली. बाईंनी मुंगीला मेणाचा तुकडा चघळायला दिला आणि पाच मिनिटं जी लाळ येईल ती काचेच्या नळीत थुंकायला सांगितली. नळीचा जेमतेम तळ ओला झाला. मी म्हटलं, चारचौघांत लाजली असेल. बाई म्हणाल्या, "मग तुम्ही थुंका." मी! रोज पहाटे देवाचं नाव घेतल्याशिवाय ज्या तोंडाने पाणी पीत नाही, त्या तोंडाने दवाखान्यात नळीत थुंकले. नळी निम्म्याच्या वर गेली. मुंगी टाळ्या वाजवत म्हणाली, "मोठी आई पहिली!" किती दिवसांनी हसली, तीही तोंडावर हात ठेवून. घरी ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "हिच्या तोंडाला पाणी सुटायला मेणसुद्धा पुरतं."

पण दवाखान्यात बाई हसल्या नव्हत्या. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते, म्हणजे तुम्हालाही कळेल. आपण काहीही खाल्लं, नुसती पोळी खाल्ली तरी तोंडात आंबटपणा येतो आणि तो दाताला खातो. लाळ तो धुते, आंबटपणा मारते आणि दाताचा झिजलेला चुना परत भरून काढते. दिवसभर हे चालू असतं, आपल्याला पत्ताही नसतो. मुंगीच्या तोंडात धुणारं माणूसच नाही. गालात आणि जिभेखाली लाळ करणाऱ्या गाठी असतात, त्या पहिल्या एकदोन वर्षांत घडतात. तेव्हा अंगाला लागेल असं अन्न मिळालं नाही तर गाठी दुबळ्याच राहतात, आणि पुढे तूप-लोणी घातलं तरी ती कसर पुरी भरून निघत नाही. दातांचंही तेच. हिच्या पुढच्या दातांवर आडव्या खाचा आहेत, त्या नीट न घासल्यामुळे पडल्या असं मी समजत होते. बाई म्हणाल्या, त्या घडतानाच पडल्या. "दात उशिरा आले होते का?" माझ्याकडे आली तेव्हा मागच्या दुधाच्या दाढा पुऱ्या आल्या नव्हत्या, तेवढं मला आठवत होतं.

बाई हेही म्हणाल्या की नुसत्या तोंडावरून शपथेवर सांगता येत नाही, लहानपणचं काही कळलं तर बरं. तुमचा फोटो मी गुरुवारी त्यांना दाखवणार आहे. त्यांचा अंदाज चुकला असेल तर तसं तुम्हाला लिहीन आणि माफीही मागेन. मात्र कागदावर सही करून पाठवा. दोष कोणाचाही असो, दाढ तिची दुखते.

वहिनी

ता. २१ जून

भावजी,

माफी मागायची वेळ आली नाही.

बाईंनी फोटो खिडकीपाशी नेला. मुंगी खुर्चीत होती, तोंडात कापूस. बाईंनी दोन अंगठ्यांनी बाळाचे गाल झाकले आणि मला म्हणाल्या, "आता दंड बघा."

भावजी, तुमच्याकडे दुसरी प्रत असेल तर तुम्हीही गाल झाकून बघा. दंड माझ्या लाटण्याच्या टोकाएवढे आहेत. केस विरळ आणि भुरे. पायांत बूट आहेत, पण पट्टे उघडे, कारण पावलं पावासारखी फुगली आहेत. फीत लागली, बक्षीस मिळालं, सगळे हसताहेत, आणि ते बाळ कुणाकडेच बघत नाही.

बाई म्हणाल्या, "हे बाळसं नाही. ही सूज आहे. ज्या बाळाचं पोट भरतं पण अंगाला काही लागत नाही, त्याच्या अंगात असं पाणी साठतं. वजनकाट्याला काय, पाणी आणि मांस सारखंच." मग विचारलं, "परीक्षक कोण होतं?"

मी म्हटलं, मॅनेजरांच्या बाई.

तेव्हा मला तुमची बायको आठवली. चुलत नणंदेच्या लग्नात आम्ही दोघी मागच्या खोलीत पोरांना निजवत होतो. बाळ तिच्या मांडीवर. मला म्हणाली, "ताई, ही आता रडतच नाही. आणि पाय असे भरलेत की बूट चढत नाहीत." मी विचारलं, दूध किती पाजतेस? तर म्हणाली, "दूध कुठलं? हे म्हणतात बिस्किटांत दूध आहेच, डब्यावर लिहिलंय. महिनाअखेरीला चुऱ्याचं पोतं फुकट मिळतं. गरम पाण्यात कालवलं की पेज होते, पोटभर खाते." वसाहतीत सगळ्याच घरी असं करतात, हेही म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. नवऱ्याच्या कारखान्याचा अभिमान होता.

तुम्हाला दोन वेळचं ताट कारखान्यात होतं. डाळ, भाजी, आठवड्याला अंडं. डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र होतं, ते तुम्ही पाहिलंत. घरातल्या बाळाकडे पाहायचं राहिलं. ज्याने चोच दिली तो चारा देतो असं म्हणतात. माझा त्यावर विश्वास आहे, आजही आहे. पण चारा घरी आणायचं काम देवाने तुमच्याकडे दिलं होतं, आणि तुम्ही भुसा आणलात. फुकट मिळाला म्हणून. काटकसर मीही करते, भावजी. दिव्याची वात लहान करते, चिंधी फेकत नाही. पण लेकराच्या वाटीत काटकसर करत नाही.

तिच्या आईच्या वाटीत काय होतं ते कोणी पाहिलं नाही; ती तापाने गेली असं आपण म्हणतो. म्हणू या.

तुम्ही जाणूनबुजून उपाशी ठेवलंत असं मी म्हणत नाही, आणि बाईही म्हणत नाहीत. त्या म्हणाल्या, "त्यांना वाटलं असेल पोर खाते आहे, खुशाल आहे." तेव्हा वाटलं असेल. पण पुढे? ती सहा वर्षांची असताना तुम्ही इथे आलात, तिचे काळे दात पाहिलेत आणि शेजारपाजारी बसले असताना म्हणालात, "ही तर मुंगी आहे, साखरेच्या डब्यातच घर केलंय हिने." सगळे हसले. नाव चिकटलं. शाळेत चिकटलं, गल्लीत चिकटलं, माझ्याही जिभेवर बसलं. साखरेचा डबा कधी चमचाभरसुद्धा उणा निघाला नाही, हे मी तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "वहिनी, तुमचा हिशोब कच्चा." माझा हिशोब!

मुंगीने खुर्चीत सगळं ऐकलं. जेवून झाल्यावर ताटं उचलता उचलता मला विचारते, "म्हणजे मी साखर खात नव्हते?"

मी म्हटलं, "नव्हतीस."

म्हणाली, "मला वाटायचं, मी झोपेत उठून खात असेन."

आजपासून या घरात तिला त्या नावाने कोणी हाक मारणार नाही, एवढं ह्यांनी सगळ्यांना सांगितलं आहे.

बाईंनी नवीन कागद केला आहे. त्यात लिहिलं आहे: 'बालपणी कुपोषण, लाळ कमी, त्यामुळे दातांस कीड.' दोन दाढा काढाव्या लागतील. बाकीचे दात वाचतील म्हणतात. काही भरायचे, काहींची मुळं साफ करायची, दर तीन महिन्यांनी दातांवर औषधाचा लेप, जास्त ताकदीची पेस्ट, येताजाता पाण्याचा घोट. बिस्किट बंद, ते दाताला चिकटून बसतं. तुमचा डबा मी शेजारच्या खानावळीला दिला. कागद सोबत आहे. सही करा.

वहिनी

ता. ९ जुलै

भावजी,

तुमचा ड्रायव्हर काल येऊन गेला. आधी कागदाचं लिहिते, मग त्याचं.

कागद परत आला. सही नाही, आणि बाईंनी लिहिलेल्या ओळीवर लाल शाईची रेघ. खाली तुमचं अक्षर, 'ही ओळ काढा, मग सही.' मी कागद घेऊन बाईंकडे गेले, अक्षरशः दातांच्या कण्या केल्या. म्हटलं, एक ओळ तर आहे, नुसतं 'कीड' लिहा. त्या म्हणाल्या, "आजी, नुसती कीड म्हणून लिहिलं तर दवाखाना दोन दाढा काढून, बाकीचे भरून देईल आणि घरी पाठवेल. लेप, पेस्ट, दर तीन महिन्यांची तपासणी, हे सगळं या ओळीवर मिळतं. ओळ गेली की वर्षभरात भरलेल्याच्या शेजारचे किडतील. मग तिचे वडील म्हणतात ते खरं होईल, कवळी." मी आजी नाही असं सांगायचं होतं, पण ती वेळ नव्हती.

आता ड्रायव्हर. दारातूनच म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, पोरीला घेतल्याशिवाय परत यायचं नाही."

मी म्हटलं, "मग राहा इथेच. जिना झाडायला माणूस हवाच आहे."

"बाई, माझ्यावर कशाला चिडता? मी ट्रकवाला माणूस."

तेवढ्यात हे दुकानातून आले. तुमच्या भावाला तुम्ही ओळखता. गिऱ्हाइकाने घड्याळ आपटून आणलं तरी 'होईल' म्हणणारा माणूस. डोळ्यावरचं भिंगसुद्धा काढलं नव्हतं. म्हणाले, "त्याला सांग, घड्याळ मागे पडतं म्हणून कोणी काटे उपटत नाही." आणि जिन्यावर मधोमध बसले. बत्तीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना कुणाची वाट अडवताना पहिल्यांदा पाहिलं.

ड्रायव्हर चहा पिऊन जरा मऊ झाला. मग त्याने सांगितलं ते तुम्ही एका ओळीने कळवलं नव्हतं. तुम्हाला मोठा सुपरवायझर करणार आहेत. वसाहतीच्या हॉलमध्ये तुमच्या मुलीचा तो फोटो अजून टांगलेला आहे, 'आमच्या बिस्किटांवर वाढलेलं बाळ' म्हणून. समारंभात मालक तिला मंचावर बोलावून तिच्या हाताने नवीन डबा उघडवणार आहेत. आणि अशात सरकारी शिक्क्याच्या कागदावर कुपोषण हा शब्द आणि खाली तुमची सही! ड्रायव्हर म्हणाला, "साहेबांचं अवघड झालंय हो."

साहेबांचं अवघड झालंय. लाळ घोटायची म्हटलं तर तुमच्या तोंडाला कधी कमी पडली नाही. पोरीच्या तोंडात मात्र घास गिळण्यापुरती नाही.

तिलाही सगळं कळलं आहे. ती स्वतः ड्रायव्हरसमोर आली आणि तोंडावरचा हात काढून म्हणाली, "काका, बाबांना सांगा, मी येते. पण दात हेच घेऊन येईन. चालेल का विचारा." तो खाली बघून उठला. ट्रक रिकामा गेला.

आज सकाळपासून तिचा गाल पुन्हा सुजला आहे, या वेळी उजवा. ताप आहे. बाईंनी गोळ्या दिल्या, आणि बजावलं की हाडापर्यंत पू गेला तर वाचवू म्हटलेले दातही हातचे जातील. त्यापुढचं त्या बोलल्या नाहीत, मी विचारलं नाही.

म्हणून आता भांडण आवरते. तुम्ही चूक कबूल करावी अशी माझी इच्छा होती. ती सोडली. तुम्हाला सही करायची भीती वाटते ना, तर भीतीवर तोडगा काढला आहे.

सोबत दोन कागद आहेत. पहिला दवाखान्याचा, ओळ जशीच्या तशी. दुसरा माझ्या हातचा. त्यात मी लिहून दिलं आहे की मुलगी माझ्या घरी आली तेव्हा सुदृढ होती, दात चांगले होते. माझ्या घरात साखरेला मोजमाप नव्हतं. मी तिच्या खाण्याकडे आणि दातांकडे लक्ष दिलं नाही. तिची जी दशा झाली ती सर्वस्वी माझ्या हेळसांडीमुळे. खाली सही, तारीख. साक्षीदार म्हणून ह्यांची सही. 'साखरेला मोजमाप नव्हतं' हे लिहिताना माझा हात अडला. हे म्हणाले, "हे वाक्य वाचून ओळखीचं कोणी विश्वास ठेवणार नाही." म्हटलं, मालक कुठे माझ्या ओळखीचे आहेत?

मी जन्मात लेखी खोटं लिहिलं नव्हतं. देवासमोर बसून आधी त्याला सांगितलं, मग लिहिलं. त्याचं आणि माझं आम्ही बघून घेऊ.

कोणी कुपोषणाचं विचारलं तर माझा कागद पुढे करा. मालकांना दाखवा, मॅनेजरांच्या बाईंना दाखवा, नातेवाइकांत फिरवा. सांगा, वहिनीने पोर उपाशी मारली आणि वर बापाला बदनाम करते. माझं नाव खराब झालं तर त्याला लेप लागत नाही आणि पेस्ट लागत नाही. मुलीला यातलं काही माहीत नाही. कळलं तर ती हा कागद फाडेल, म्हणून ती झोपली असताना पाकीट चिकटवते आहे. समारंभाला ती येणार नाही. आजारी आहे म्हणून सांगा. निदान तेवढं तरी खरं असेल.

मला मुलगी ठेवून घ्यायची आहे म्हणून हे करते आहे असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मला ती ठेवून घ्यायची आहेच.

बाईंनी पुढच्या सोमवारचा नंबर दिला आहे. पाकिटात तिकीट लावलेलं दुसरं पाकीट घातलं आहे, पत्ता घालून. खुशाली लिहू नका, खुलासा लिहू नका, बिस्किटं पाठवू नका. दवाखान्याच्या कागदावर फुलीजवळ सही करा आणि तो तेवढा उलट टपालाने पाठवून द्या.

तुमची वहिनी